रोमन लोकांची सुट्टी नाणी: तांबं, पितळ आणि अर्धी कापलेली मगर

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

इथे शिवराईवर, सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर चांगले धागे आहेत. रोमन नाण्यांवर जे काही आहे ते मात्र सगळं सोन्याबद्दल. मला त्यांच्या सुट्ट्या पैशाबद्दल लिहायचंय. पाव, भाजी, दारू, सार्वजनिक न्हाणीघर, रोजच्या या खर्चाला जो पैसा लागायचा त्याबद्दल.

निमित्त असं झालं. मी उत्तर जर्मनीत राहतो. ओस्नाब्रुकपासून वीसेक किलोमीटरवर कालक्रीजे नावाचं गाव आहे. इ.स. ९ मध्ये रोमचा सेनापती वारुस तीन लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) घेऊन चालला असताना जर्मन टोळ्यांनी त्याला वाटेत गाठलं आणि तिन्ही लीजन कापून काढल्या. ही लढाई नेमकी कुठे झाली ते शेकडो वर्षं कळत नव्हतं. १९८७ मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला कालक्रीजेच्या शेतात धातुशोधक यंत्राने चांदीची रोमन नाणी सापडली, मग गोफणीचे शिशाचे गोळे सापडले आणि तिथून उत्खननाला सुरुवात झाली. जागा हीच की दुसरी, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. पण बहुतेकांचा कौल कालक्रीजेलाच आहे.

संग्रहालयात सगळे लोक घोडेस्वाराच्या शिरस्त्राणाच्या लोखंडी मुखवट्यासमोर उभे राहतात. तो आहेच तसा पाहण्यासारखा. मी मात्र तांब्याच्या नाण्यांपाशी अडकलो. ही नाणी 'आस' नावाची, टांकसाळ आजच्या लिऑनची. एका बाजूला रोमचा पहिला सम्राट ऑगस्टसचं डोकं, दुसऱ्या बाजूला लिऑनची वेदी. आणि त्यांतल्या काहींवर नंतर मारलेला एक छोटा चौकोनी ठसा. त्यात व्ही, ए, आर ही तीन अक्षरं एकमेकांत गुंफलेली. वार. वारुस.

सैनिकांना बक्षिसी वाटताना सेनापती आपल्या नावाचा ठसा मारून घेत असावा, असं मानतात. वारुस तिथे होता तोच मुळी इ.स. ७ ते ९. म्हणजे हा ठसा बसल्यापासून नाणं मातीत जाईपर्यंत मध्ये फार तर दोन-अडीच वर्षं गेली. कुणाच्या तरी कमरेच्या पिशवीत ते होतं, खर्चायचं राहिलं. मी त्या काचेसमोरून बराच वेळ हललो नाही.

आता माझ्याकडचं नाणं. कालक्रीजेचं नाही, एका जुन्या संग्रहातून रीतसर चिठ्ठीसकट विकत घेतलेलं. दक्षिण फ्रान्समध्ये नीम नावाचं शहर आहे, रोमन काळी नेमाउसुस. तिथे ऑगस्टसच्या वेळी एक नाणं निघायचं. एका बाजूला ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा आणि ऑगस्टस पाठीला पाठ लावून, दुसऱ्या बाजूला खजुराच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर. मगर म्हणजे इजिप्त. इ.स.पू. ३१ ला अॅक्टियमची लढाई जिंकली, पुढच्या वर्षी इजिप्त ताब्यात आलं, त्याची ही आठवण. नीम शहराच्या मानचिन्हावर ती मगर आजही आहे.

माझ्याकडे अर्धंच नाणं आहे. तुटलेलं नाही, मुद्दाम कापलेलं. कड अंगठ्याखाली धरली की कळतं कसं कापलं ते. वरून निम्म्याहून जास्त जाडीपर्यंत छिन्नीची सरळ, गुळगुळीत खूण आहे आणि त्याच्या खाली धातू खडबडीत, मोडल्यासारखा. म्हणजे छिन्नीने खाच पाडली आणि मग वाकवून काडकन मोडलं. माझ्या तुकड्यावर अग्रिप्पा आला. ऑगस्टस दुसऱ्या कुणाच्या तरी हाती गेला. मागे मगरीची शेपटी आणि झाडाचा बुंधा. हे नाणं दोन आसचं, अर्धं केलं की एक आस. ऱ्हाईनकाठच्या छावण्यांत सुट्ट्यांची चणचण असायची, म्हणून लोकांनी असा मार्ग काढला. अशी अर्धी नाणी तिथे ढिगाने सापडतात.

मला कोरी, न वापरलेली नाणी फारशी भुलवत नाहीत. राजाने काय छापलं ते त्यांवर दिसतं खरं, पण लोकांनी त्या पैशाचं काय केलं ते फक्त वापरलेल्या नाण्यावर दिसतं. आणि लोकांनी सगळ्यांत जास्त हाताळलं ते तांबं-पितळ.

आता थोडी चौकट सांगतो, म्हणजे पुढे चर्चा करायला सोपं जाईल. इ.स.पू. २३ च्या सुमाराला ऑगस्टसने सुट्ट्या नाण्यांची घडी नव्याने बसवली. चांदीचा डेनेरियस, त्याचे चार सेस्टर्टियस. एका सेस्टर्टियसचे दोन दुपोंडियस, एका दुपोंडियसचे दोन आस, एका आसचे चार क्वाड्रन्स. सेस्टर्टियस आणि दुपोंडियस पितळेचे, आस आणि क्वाड्रन्स तांब्याचे. सेस्टर्टियस सुमारे २५ ग्रॅमचा, म्हणजे आपली दहा रुपयांची तीन नाणी एकत्र धरली तरी त्याहून जड. तळहातावर ठेवला की हात किंचित खाली जातो.

दुपोंडियस आणि आस आकाराने जवळजवळ सारखेच. नवे असताना रंगावरून ओळखू यायचे, पिवळा तो दोन आस, तांबडा तो एक. दोन हजार वर्षं जमिनीत राहून दोन्ही हिरवे-काळे झाल्यावर रंगाचा उपयोग राहत नाही. मग सम्राटाचं डोकं बघायचं. नीरोच्या काळापासून दुपोंडियसवर बहुतेक वेळा सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असतो, आसवर पानांचा.

प्रश्न विचारा, भर घाला, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

---

रानवाट

वाचनखूण साठवली. अर्ध्या मगरीचा फोटो टाकाच.

एक प्रश्न. ऑगस्टसच्या आधी काय होतं? रोमन लोक सुरुवातीला तांब्याचे गोळेच वापरायचे असं कुठेतरी वाचलं होतं.

---

पाटीपेन्सिल

लेख वाचता वाचता हिशेब मांडत गेले आणि थांबलेच. डेनेरियसचे चार सेस्टर्टियस, म्हणजे आठ दुपोंडियस, म्हणजे सोळा आस, म्हणजे चौसष्ट क्वाड्रन्स. अहो, हे तर आमच्या लहानपणचं कोष्टक आहे! रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, रुपयाचे चौसष्ट पैसे. सेस्टर्टियस म्हणजे पावली, दुपोंडियस म्हणजे चवली, आस म्हणजे आणा.

१९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी शाळेत होते. आजी शेवटपर्यंत आण्यांतच बोलायची, त्यामुळे हे कोष्टक अजून जिभेवर आहे. काही नातं आहे का या दोन्हींत?

---

उत्तरवारा

पाटीपेन्सिल ताई, वा! इतकी वर्षं या नाण्यांत घालवली, पण हे असं समोर मांडून पाहिलं नव्हतं. नातं मात्र नाही, योगायोगच. निम्मं, पाव, अर्धपाव करत जाणं हाताला आणि डोक्याला सोपं जातं, म्हणून दोन्हीकडे तेच आलं. रोममध्ये तर आधी डेनेरियसचे दहाच आस होते, नावातच 'दहा' आहे. इ.स.पू. १४१ च्या सुमाराला ते सोळा केले.

रानवाट, बरोबर वाचलंय तुम्ही. आधी नुसते तांब्या-काशाचे ओबडधोबड गोळे, वजनावर चालणारे. मग चित्रं असलेल्या ओतीव विटा. एका विटेवर एका बाजूला हत्ती आहे आणि दुसऱ्या बाजूला डुकरीण. आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकात गोल, पण अजून ओतीवच, नाणी. सुरुवातीचा आस जवळपास एक रोमन रत्तल, म्हणजे साधारण ३२० ग्रॅमचा. वाटीभर धातू! त्याचे बारा भाग म्हणजे बारा उंकिया. लहान नाण्यांवर ठिपके असायचे. एक ठिपका एक उंकिया, दोन ठिपके दोन, असे चारापर्यंत. सहा उंकियांच्या नाण्यावर अर्ध्यासाठी एस हे अक्षर. वाचता आलं नाही तरी ठिपके मोजता येतात.

पुढे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध सुरू झालं आणि खर्च इतका वाढला की आस झरझर हलका होत गेला. युद्ध संपेपर्यंत पन्नास ग्रॅमच्या आसपास आला. ऑगस्टसच्या वेळी तो फक्त ११ ग्रॅमचा.

त्या जुन्या आसवर एका बाजूला दोन तोंडांचा देव जानुस आणि दुसऱ्या बाजूला जहाजाचा नाळेकडचा भाग. माक्रोबियस नावाचा लेखक सांगतो की रोमन पोरं नाणं उडवताना "डोकी की जहाजं?" असं ओरडायची. माक्रोबियस पाचव्या शतकातला. जानुस आणि जहाजाचं नाणं बंद पडून तेव्हा शेकडो वर्षं झाली होती, पण पोरांच्या तोंडी बोल तोच राहिला. आपल्याकडे काट्याचं चित्र नाण्यावर नसतानाही आपण छापा-काटाच म्हणतो ना!

---

व्युत्पत्ती

सेस्टर्टियस या शब्दावर थांबतो, कारण त्यात मराठी माणसाला आनंद व्हावा असं काही आहे.

सेस्टर्टियस म्हणजे 'सेमिस तेर्तियस', अर्धा तिसरा. पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण आणि तिसरा अर्धा, म्हणजे २½. सुरुवातीला हे नाणं चांदीचं होतं आणि अडीच आसचं होतं म्हणून हे नाव. डेनेरियस सोळा आसचा झाल्यावर सेस्टर्टियस चार आसचा झाला, पण नाव अडीचच राहिलं.

आता आपला 'अडीच'. संस्कृतात अर्धतृतीय, अर्धा तिसरा. प्राकृतात अड्ढाइज्ज, मराठीत अडीच. अगदी तीच मोजणी! साडेतीनला जुना शब्द 'औट', तो अर्धचतुर्थपासून, चौथा अर्धा. म्हणजे रोमच्या बाजारातला माणूस आणि आपल्याकडचा अडीचकी घोकणारा मुलगा एकाच पद्धतीने अर्धं मोजत होते.

लॅटिन लेखात सेस्टर्टियसची खूण एच-एस अशी दिसते. तो खरा एच नाही. दोन उभ्या रेघा म्हणजे दोन, पुढे सेमिसचा एस आणि मध्ये एक आडवी रेघ. थोडक्यात, '२½' असंच लिहिलेलं आहे.

---

पाटीपेन्सिल

अडीचकी! एके अडीच, दुणे पाच, त्रिक साडेसात. औटकी पण पाठ होती. आज घरी नातवाला हेच सांगणार.

---

तांबटआळी

पितळेबद्दल चार शब्द माझे. आमचं घराणं भांड्यांचं, त्यामुळे हे आतून माहीत आहे.

आज पितळ करणं सोपं. तांबं वितळवा, जस्त टाका. रोमन लोकांकडे सुटं जस्त नव्हतंच. जस्ताची अडचण अशी की ते ९०७ अंशांना वाफ होऊन उडून जातं आणि तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. जस्ताचं खनिज उघड्या भट्टीत तापवलं तर हाताला काही लागत नाही, नुसता पांढरा धूर.

त्यांनी वाट काढली ती अशी. तांब्याचे बारीक तुकडे, जस्ताच्या खनिजाची पूड आणि कोळसा हे सगळं एका मुशीत भरायचं आणि तोंड बंद करायचं. आच इतकी ठेवायची की जस्ताची वाफ तर होईल पण तांबं वितळणार नाही. कोंडलेली वाफ तांब्यात मुरते आणि तुकडे पिवळे होतात. आच थोडी जास्त झाली तर तांबं वितळून खाली बसतं आणि वाफ पुरेशी मुरत नाही. भट्टीसमोर बसलेल्या माणसाला हे निव्वळ रंगावरून आणि आवाजावरून सांभाळावं लागत असणार. त्या कारागिरांना माझा मनापासून नमस्कार. या रीतीने साधारण २८ टक्क्यांच्या वर जस्त चढत नाही, आणि ऑगस्टसच्या काळच्या चांगल्या सेस्टर्टियसमध्ये वीस टक्क्यांच्या वर सापडतं. म्हणजे काम पक्कं होतं.

रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की सेस्टर्टियस आणि दुपोंडियसला स्पेनमधल्या कोर्दोबाकडचं तांबं वापरत, कारण ते जस्त चांगलं पितं. आसला सायप्रसचं साधं तांबं चालायचं.

आता मोडीची गोष्ट. पितळेची मोड पुन्हा मुशीत घातली की दर वेळी थोडं जस्त उडतं. हे आम्ही रोज बघायचो. रोमन नाण्यांत अगदी हेच दिसतं. पहिल्या शतकात जस्त भरपूर, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात आणखी कमी, आणि त्याच्या जागी कथील आणि शिसं. नवं पितळ करायचं सोडून जुनंच आटवत राहिले की असं होतं.

सुटं जस्त ऊर्ध्वपातनाने काढण्याची विद्या पुढे राजस्थानात जावरला वाढली. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

---

उत्तरवारा

तांबटआळी काका, खूप खूप धन्यवाद. मुशीचं हे वर्णन मी कुठल्याच नाण्यांच्या पुस्तकात इतकं स्वच्छ वाचलेलं नाही. रंग आणि आवाज हे तर भट्टीसमोर बसलेलाच सांगू शकतो.

---

हिशेबनीस

मला दोन गोष्टी हव्यात. एक, या पैशात मिळायचं काय? नाहीतर आकडे हवेत राहतात. दोन, पंचवीस ग्रॅमचं इतकं देखणं नाणं बंद का पडलं?

---

उत्तरवारा

पहिल्याचं उत्तर पाँपेईच्या भिंतींवर आहे. तिथल्या एका दारूच्या दुकानाची जाहिरात भिंतीवर लिहिलेली सापडली आहे. एका आसला इथे प्यायला मिळेल, दोन दिलेत तर बरी मिळेल आणि चार दिलेत तर फालेर्नियन. फालेर्नियन म्हणजे त्या काळची नावाजलेली द्राक्षदारू. म्हणजे एका सेस्टर्टियसला उत्तम दारूचा पेला.

साध्या शिपायाचा ऑगस्टसच्या काळचा पगार वर्षाला २२५ डेनेरियस, म्हणजे ९०० सेस्टर्टियस, म्हणजे ३६०० आस. दिवसाला दहा आस पडतात. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला आणि सैन्यात बंड झालं. रोमन इतिहासकार टॅसिटसने त्या बंडखोर शिपायांचं गाऱ्हाणं दिलंय: आमचा जीव आणि आमचं शरीर दिवसाला दहा आसला विकत घेतलंय, त्यातच कपडे, हत्यारं आणि तंबूचा खर्च. त्यांची मागणी होती रोज एक पूर्ण डेनेरियस. दहाचे सोळा. हे वाचल्यावर त्या ठसा मारलेल्या आसकडे मी पुन्हा वेगळ्या नजरेने पाहिलं. असे दहा म्हणजे एका माणसाचा जंगलातला एक दिवस.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. इ.स. २१५ मध्ये सम्राट काराकालाने चांदीचं एक नवं नाणं काढलं, किरणांच्या मुकुटाचं. आज आपण त्याला अँटोनिनियानस म्हणतो. किंमत दोन डेनेरियस मानली जाते, पण चांदी दोन डेनेरियसची नव्हतीच. पुढच्या पन्नास वर्षांत एकामागून एक सम्राट आले, मारले गेले, सीमेवर युद्धं चालूच राहिली, आणि या नाण्यातली चांदी उतरत गेली. इ.स. २६८ च्या सुमाराला ती पाच टक्क्यांच्याही खाली गेली. वरून चांदीचा पातळ मुलामा, आत तांबं. वजन तीनेक ग्रॅम.

आता हिशेब मांडा. दोन डेनेरियस म्हणजे आठ सेस्टर्टियस. आठ सेस्टर्टियस म्हणजे, झिजलेले धरले तरी, दीडशे ग्रॅमच्या वर पितळ. आणि त्याच्या बदल्यात मिळणार तीन ग्रॅमचा मुलामा दिलेला तांब्याचा तुकडा! असा सेस्टर्टियस कोण खर्चणार? लोकांनी साठवले, आटवले. गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सकडे) वेगळं राज्य थाटलेल्या पोस्तुमुसने तर जुने, झिजलेले सेस्टर्टियस घेऊन त्यांवरच आपला छाप मारला आणि दुप्पट किमतीने चालवले. त्यांतल्या काहींवर त्याच्या दाढीखालून आधीच्या सम्राटाचं नाक किंवा अक्षरं डोकावतात. असं एक नाणं मला आयुष्यात एकदा तरी हातात घ्यायचंय.

त्या मुलाम्याच्या नाण्यांचं पुढे काय झालं? इंग्लंडमध्ये सॉमरसेटला फ्रोमजवळ २०१० मध्ये एका मातीच्या रांजणात ५२,५०३ नाणी सापडली, बहुतेक याच जातीची. वजन १६० किलो. ज्याला सापडली त्याने खणून काढण्याचा मोह आवरला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वाच्या लोकांना बोलावलं. त्यामुळे रांजणात कुठल्या थराला कुठली नाणी होती, तेसुद्धा नोंदवता आलं.

---

अडकित्ता

सेस्टर्टियसवर एस-सी ही दोन मोठी अक्षरं असतात ती सिनेटच्या हुकुमाची, असं ऐकलंय. म्हणजे तांबं सिनेटचं आणि सोनं-चांदी सम्राटाची?

आणि एक अनुभव लिहितो, दुसऱ्याचं नुकसान वाचावं म्हणून. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त परदेशात असताना न साफ केलेल्या रोमन तांब्याच्या नाण्यांची एक पुडी घेतली. घरी येऊन, देवाची भांडी घासतात तसं, चिंच आणि मीठ लावून घासली. पाच मिनिटांत लख्ख गुलाबी झाली. अक्षरंही गेली. ज्या हिरव्या थराला मी मळ समजत होतो, सगळी नक्षी त्या थरातच होती. सात नाण्यांपैकी सहांवर आता काहीही वाचता येत नाही. ती मी टाकलेली नाहीत. एका डबीत ठेवली आहेत आणि नाणी दाखवायला कुणी आलं की आधी तीच दाखवतो.

---

उत्तरवारा

अडकित्ता, मन मोकळं करून लिहिलंत, याचा नव्या लोकांना खरंच उपयोग होईल. चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांड्याची पूड, काहीही नको. शुद्ध, क्षार नसलेलं पाणी, त्यात नाणं ठेवायचं, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. आठवडे लागतात, कधी महिने. मग बांबूच्या काडीचं टोक, भिंग आणि शांतपणा. गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हे नाण्याचं रक्षण करतो, तो सोडून द्यायचा.

काळजी करायची ती फिकट हिरव्या भुकटीची. बोटाने झटकली तर पावडर पडते आणि खाली खड्डा दिसतो. त्याला आम्ही 'ब्राँझ डिसीज' म्हणतो. धातूत क्लोराइड अडकलेलं असतं, हवेतला ओलावा लागला की ते तांबं खात जातं. असं नाणं दिसलं की लगेच बाकीच्यांपासून वेगळं करून कोरड्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत तर हे फार सांभाळा.

एस-सीबद्दल जुनं मत तुम्ही सांगितलंत तेच, तांब्यावर सिनेटची सत्ता. दुसरं मत असं की नव्या पितळ-तांब्याच्या नाण्यांची किंमत त्यांतल्या धातूपेक्षा जास्त ठरवली होती, ती लोकांनी मानावी म्हणून सिनेटच्या ठरावाचा आधार नाण्यावरच लिहिला. मला दुसरं जास्त पटतं. टांकसाळीच्या नाड्या सम्राटाने दुसऱ्याच्या हातात दिल्या असतील असं ऑगस्टसकडे पाहून वाटत नाही.

---

हिशेबनीस

आठ सेस्टर्टियस आणि तीन ग्रॅमचा हिशेब कळला. यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. धन्यवाद.

प्लिनीचं ते प्रसिद्ध रडगाणं, हिंदुस्थान दरवर्षी ५ कोटी सेस्टर्टियस ओढून नेतो, ते पण याच नाण्यात मोजलेलं आहे ना?

---

उत्तरवारा

हो, पण मोजलेलं फक्त. आकडा सेस्टर्टियसमध्ये लिहायचा ही त्यांची रीत. भारतात प्रत्यक्ष आलं ते सोनं आणि चांदी. पितळेचे सेस्टर्टियस जहाजात भरून मिरी घ्यायला कोण येणार? पण तांब्याची रोमन नाणी भारतात पोहोचली, फक्त खूप नंतर आणि वेगळ्या ठिकाणी. त्यावर कुणी लिहील का याचीच वाट बघतोय.

---

कावेरीकाठ

मी लिहिते. आमचं कुटुंब तंजावरकडचं मराठी. माझे आजोबा नोकरीनिमित्त बरीच वर्षं मदुराईला होते. त्यांच्या मागे एक पत्र्याची डबी राहिली, तिच्यात चार अगदी लहान तांब्याची नाणी. घरात सगळे त्यांना 'बटणं' म्हणत. सोबत आजोबांच्या अक्षरात, मोडीत, एक चिठ्ठी. बाबांनी वाचून दाखवली: "वैगैच्या वाळूतली. चार."

हा धागा वाचून काल भिंग घेऊन बसले. तीन तर पार गुळगुळीत आहेत. चौथं जेमतेम १३ मिलिमीटर. एका बाजूला उजवीकडे बघणारं डोकं, केसांत मण्यांची माळ असावी. दुसऱ्या बाजूला पंख असलेली एक आकृती डावीकडे चालली आहे, खांद्यावर काहीतरी आहे आणि मागे हाताने काहीतरी ओढते आहे. हे रोमन असू शकतं का?

---

उत्तरवारा

कावेरीकाठ ताई, असू शकतं नाही, आहेच. तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की फोटोशिवाय सांगतो. पंख असलेली आकृती म्हणजे विजयदेवता. खांद्यावर शत्रूच्या शस्त्रांचं विजयचिन्ह, आणि मागे ओढते आहे तो कैदी. कडेने 'सालुस रेइपुब्लिके' असे शब्द असतात, म्हणजे राज्याचं क्षेम. हे नाणं इ.स. ३८८ ते ४०२ च्या दरम्यानचं. वजन एका ग्रॅमच्या आसपास भरेल. सम्राट दुसरा वॅलेंटिनियन, थिओडोसियस, आर्केडियस किंवा होनोरियस, या चौघांपैकी एक. नाव घासलं असेल तर कोणता ते सांगता येणार नाही.

करूरला अमरावतीच्या पात्रात आणि मदुराईला वैगैच्या पात्रात अशी चौथ्या शतकातली आणि पाचव्याच्या सुरुवातीची बारीक रोमन नाणी खूप सापडली आहेत. श्रीलंकेत तर फारच, आणि तिथे त्यांच्या स्थानिक नकलासुद्धा पाडल्या गेल्या. बहुतेक अतिशय झिजलेली असतात. धातूची किंमत जवळजवळ नाहीच, तरी इतक्या लांब आली आणि इथल्या बाजारात बहुधा सुट्टा पैसा म्हणून चालली. एकेकाळी पंचवीस ग्रॅमचा पितळेचा सेस्टर्टियस पाडणाऱ्या साम्राज्याचं हे बटणाएवढं नाणं, आणि ते वैगैकाठच्या कुणाच्या तरी हातात रोज फिरत होतं.

एक विनंती. विजयदेवतेच्या पायाखाली, आडव्या रेघेच्या खाली काही अक्षरं दिसतात का बघा. दिवा बाजूला ठेवून प्रकाश तिरपा पाडा. आणि ती चिठ्ठी कृपा करून नाण्यांपासून वेगळी करू नका. कुठे सापडलं हे सांगणारी ती एकच गोष्ट आहे, ती गेली तर नाणं मुकं होईल.

---

अडकित्ता

कावेरीकाठ, घासू नका! आणि आजही नदीत वगैरे कुणाला काही सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे अशी नाणी देशाबाहेरही नेता येत नाहीत. तुमची आजोबांकडून आलेली आहेत, तरी फोटो आणि चिठ्ठीची प्रत एखाद्या संग्रहालयाला दाखवून ठेवलीत तर बरं.

---

कावेरीकाठ

घासलं नाही, नुसती मऊ कुंचल्याने धूळ काढली.

काल रात्री टेबलावरचा दिवा आडवा करून पाहिलं. आधी काहीच दिसेना. नाणं हळूहळू फिरवत गेले तशी रेघ दिसली आणि रेघेखाली दोन अक्षरं, ए आणि एन. तिसऱ्याची फक्त उभी काडी उरली आहे, वर थोडी आडवी असावी.

---

उत्तरवारा

तिसरं टी. अँटिओक. सीरियातली टांकसाळ.

---

कावेरीकाठ

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी नाणं तळहातावर घेतलं, बराच वेळ नुसतं बघत राहिले, मग म्हणाले, "अण्णा रोज संध्याकाळी नदीवर फिरायला जायचे." चारही नाणी आणि चिठ्ठी त्याच डबीत परत ठेवली आहेत, सिलिकाची पुडी घालून. चिठ्ठीच्या मागे मी आजची तारीख आणि 'अँटिओक' लिहिलं, देवनागरीत. मोडी मला येत नाही, ती शिकायला घेते आहे.